लस आणि विश्वास : पोलिओ निर्मूलनातील लोकसंवादाचे धडे

सार्वजनिक आरोग्याचे कार्य म्हटले की सामान्यतः डॉक्टर, परिचारिका आणि प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ डोळ्यांसमोर येतात. परंतु रोगाविरुद्धच्या प्रत्येक मोठ्या मोहिमेत आणखी एक वर्ग कार्यरत असतो. आरोग्यविषयक धोरण आखणारे, त्या धोरणासाठी शासन आणि समाज यांच्याकडे सातत्याने पाठपुरावा करणारे आणि धोरणाचा अर्थ लोकांना त्यांच्या भाषेत समजावून देणारे असे या वर्गाचे तीन घटक आहेत. त्यांच्या हाती इंजेक्शन नसते आणि औषधाची बाटलीही नसते; त्यांचे साधन शब्द हेच होय. म्हणूनच त्यांच्या कामाचे मोजमाप करणे कठीण असते आणि त्याचे महत्त्वही सहसा उशिरा लक्षात येते.

या कार्याचे स्वरूप समजावून घेण्यासाठी भारतातील पोलिओ निर्मूलनाच्या मोहिमेइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल. लस उपलब्ध होती, निधी होता, मनुष्यबळ होते. तरीही काही लाख घरांची दारे वर्षानुवर्षे उघडत नव्हती. ती कशी उघडली याचा इतिहास आरोग्यसंवादाच्या प्रत्येक अभ्यासकाने डोळ्यांखालून घालावा असा आहे.

संकल्प आणि प्रारंभ

१९८८ साली जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओच्या समूळ उच्चाटनाचा ठराव संमत केला. त्या वेळी १२५ हून अधिक देशांत या रोगाचे ठाण होते आणि दरवर्षी सुमारे साडेतीन लाख मुले त्यामुळे पंगू होत असावीत असा अंदाज होता. रोटरी इंटरनॅशनलसारख्या स्वयंसेवी संघटनेने १९८५ पासूनच या प्रश्नासाठी निधी व जनमत उभे करण्यास प्रारंभ केला होता. आरोग्यविषयक पाठपुराव्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

भारतात २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्ली राज्याने एकाच दिवशी सर्व लहान मुलांना तोंडावाटे लस देण्याचा प्रयोग केला. त्याच्या यशानंतर ९ डिसेंबर १९९५ आणि २० जानेवारी १९९६ या दिवशी देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम पार पडली. आरंभी तीन वर्षांपर्यंतची मुले या मोहिमेत होती. पुढे ही मर्यादा पाच वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. कालांतराने मोहिमेचा आवाका एवढा वाढला की एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी बालकांना लस पाजली जाऊ लागली आणि त्यासाठी वीस लाखांहून अधिक कार्यकर्ते घराबाहेर पडू लागले.

घोषणेची मर्यादा

पहिल्या टप्प्यात लोकसंवादाचे स्वरूप प्रामुख्याने प्रचाराचे होते. आकाशवाणी, दूरदर्शन, भित्तिपत्रके, प्रभातफेऱ्या या सर्व साधनांचा उपयोग करण्यात आला. पुढे अमिताभ बच्चन यांच्यासारख्या लोकप्रिय अभिनेत्याच्या आवाजातील आवाहनाने ‘दो बूंद जिंदगी की’ हे शब्द घरोघर पोहोचले. या प्रचाराचा लाभ निश्चितच झाला. लसीकरणाचा रविवार हा अनेक गावांत सणासारखा साजरा होऊ लागला.

परंतु प्रचार सर्वांपर्यंत पोहोचला म्हणजे लस सर्वांपर्यंत पोहोचली असे होत नाही. २००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते. पोलिओचा विषाणू विष्ठेवाटे बाहेर पडतो आणि दूषित पाणी, हात व अन्न यांच्या वाटे दुसऱ्या मुलाच्या आतड्यात शिरतो. संसर्ग झालेल्या बहुतेक मुलांत कोणतेही ठळक लक्षण दिसत नाही. दर दोनशे संसर्गांमागे साधारणतः एकाच मुलाला कायमचे पंगुत्व येते. याचा अर्थ असा की एक पंगू मूल आढळले तर त्याच्या आसपास शेकडो मुलांमध्ये विषाणूचा वावर असतो. अशा रोगाच्या बाबतीत शंभरापैकी नव्वद घरे अनुकूल असणे पुरेसे ठरत नाही. उरलेली दहा घरे जर एकाच वस्तीत एकवटलेली असतील, तर विषाणूला तेवढा आसरा पुरतो.

नकारामागील कारणे

ही उरलेली घरे कोणाची आणि तेथील मातापित्यांचा विरोध कशासाठी, याचा शोध घेणे क्रमप्राप्त झाले. आरंभी त्याचे उत्तर ‘अज्ञान’ या एका शब्दात दिले जात असे. प्रत्यक्ष चौकशीत मात्र अनेक निरनिराळी कारणे पुढे आली.

या लसीमुळे मुले पुढे निपुत्रिक होतात अशी अफवा पश्चिम उत्तर प्रदेशातील अनेक मुस्लिम वस्त्यांत पसरली होती. वैज्ञानिकदृष्ट्या ती सर्वस्वी निराधार होती. तथापि १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळातील सक्तीच्या नसबंदीची आठवण ज्या वस्त्यांत जिवंत होती, तेथे सरकारी पथक स्वतःहून दारी येऊन मुलांना फुकट औषध पाजते याविषयी संशय निर्माण होणे अनाकलनीय नव्हते. दुसरे कारण थकव्याचे होते. वर्षातून अनेक वेळा तीच पथके तेच थेंब घेऊन का येतात, हे कोणी समजावून सांगत नव्हते. तिसरे कारण उपेक्षेचे होते. गावात नाल्या तुंबलेल्या, पिण्याच्या पाण्याची आबाळ, तापाने फणफणलेल्या मुलासाठी दवाखान्यात औषध नाही. आणि ज्या रोगाचा रुग्ण गावाने अनेक वर्षांत पाहिलेला नाही, त्याच्यासाठी मात्र पथकावर पथके! ‘आम्हांला हवे ते मिळत नाही, मग तुम्हांला हवे ते आम्ही का द्यावे?’ असा या नकाराचा आशय होता. चौथे कारण अनुभवाचे होते. अनेक वेळा थेंब घेतलेल्या मुलालाही पोलिओ झाल्याचे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

या चार कारणांना एकच उत्तर असणे शक्य नव्हते. अफवेला खंडन हवे होते, थकव्याला स्पष्टीकरण, उपेक्षेला सेवा आणि अनुभवाला शास्त्रीय संशोधन. लोकसंवादाचे कार्य प्रचाराच्या पलीकडे जाते ते येथे.

दारावरील खूण

मोहिमेने अंगीकारलेली एक साधी पद्धत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. रविवारी बूथवर लस पाजल्यानंतर पुढील दिवसांत पथके घरोघर जात. ज्या घरातील सर्व मुलांना लस मिळाली त्याच्या भिंतीवर खडूने ‘पी’ हे इंग्रजी अक्षर लिहिले जाई. जेथे एखादे मूल राहिले तेथे ‘एक्स’. लस घेतलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला शाईची खूण केली जाई.

पुढे या ‘एक्स’ घरांचे कारणपरत्वे वर्गीकरण करण्यात आले. घराला कुलूप आहे, मूल परगावी गेले आहे, मूल आजारी आहे किंवा पालकांचा नकार आहे, असे प्रकार वेगवेगळे नोंदविले जाऊ लागले. वरवर पाहता हा कारकुनी तपशील वाटेल. परंतु त्यातून मोठा बदल घडला. कुलूप असलेल्या घरी संध्याकाळी पुन्हा जावे लागते. आजारी मुलाच्या आईला किरकोळ आजारातही लस देता येते हे धीराने सांगावे लागते. नकार देणाऱ्या घरी मात्र तेच पथक तेच वाक्य घेऊन पुन्हा गेले तर नकार अधिक घट्ट होतो. तेथे कोणी जावयाचे हे त्या कुटुंबाचा विश्वास कोणावर आहे यावरून ठरवावे लागते. दररोज सायंकाळी होणाऱ्या आढावा बैठकीत किती मुलांना लस पाजली एवढ्यावर न थांबता किती ‘एक्स’ घरांचे ‘पी’ झाले, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. अशा रीतीने लोकांचा विश्वास ही मोघम गोष्ट घरागणिक मोजता येण्याजोगी झाली.

लोकसंघटकांचे जाळे

युनिसेफच्या साहाय्याने उत्तर प्रदेशात २००१-०२ च्या सुमारास लोकसंघटकांचे जाळे उभारण्यास प्रारंभ झाला. पुढे स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाने त्याचा विस्तार होऊन हजारो कार्यकर्ते त्यात सामील झाले. गाव वा मोहल्ला, विकासगट आणि जिल्हा अशी त्याची तीन स्तरांची रचना होती. तळाच्या स्तरावर प्रामुख्याने त्याच वस्तीत राहणाऱ्या स्त्रिया होत्या. प्रत्येकीकडे काही शे घरे सोपविलेली असत. त्या घरांतील पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे नाव, त्याला मिळालेल्या मात्रा, गरोदर स्त्रिया आणि नवजात बालके यांची नोंदवही ती ठेवी.

या कार्यकर्तीचे सामर्थ्य तिच्या ज्ञानाइतकेच तिच्या निवासात होते. पथक मोहिमेपुरते येते आणि जाते. ही बाई मात्र तेथेच राहते. लसीनंतर मुलाला ताप आला तर तिचे दार ठोठावता येते. जी व्यक्ती उद्याही भेटणार आहे तिच्या शब्दावर विश्वास ठेवणे सोपे जाते.

तिच्या जोडीला वस्तीतील वजनदार माणसे घेण्यात आली. मशिदीचे इमाम, शाळामास्तर, शिधावाटप दुकानदार, खासगी वैद्य, न्हावी अशा विविध व्यक्ती त्यात होत्या. मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून लसीकरणाच्या दिवसाची घोषणा होऊ लागली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द या संस्थांनी आपली प्रतिष्ठा मोहिमेच्या पाठीशी उभी केली. मुलांच्या ‘बुलावा टोळ्या’ गल्लोगल्ली फिरून आपल्या धाकट्या भावंडांना बूथवर आणू लागल्या. या सर्वांचा उपयोग होण्याचे कारण एकच होते : निरोप तोच राहिला, पण तो आणणारा माणूस घरचा झाला.

प्रश्नांचा उलटा प्रवास

लोकसंवाद म्हणजे वरून खाली जाणारा निरोप, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पोलिओच्या मोहिमेत खालून वर गेलेला एक प्रश्न निर्णायक ठरला : ‘एवढ्या वेळा थेंब घेऊनही मूल पंगू का झाले?’

या प्रश्नाला केवळ आश्वासनाने उत्तर देणे शक्य होते. परंतु ते प्रामाणिक ठरले नसते, कारण प्रश्नात तथ्य होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तेव्हाच्या त्रिगुणी लसीच्या एका मात्रेची पहिल्या प्रकारच्या विषाणूविरुद्धची परिणामकारकता उत्तर प्रदेशात अवघी ९ टक्क्यांच्या आसपास होती. देशाच्या इतर भागांत ती सुमारे २१ टक्के होती. दाट वस्ती, अस्वच्छता, वारंवार होणारे अतिसार आणि आतड्यातील इतर जंतूंचा संसर्ग यांमुळे लसीचा विषाणू मुलाच्या आतड्यात नीट रुजत नसे. शिवाय एकत्र दिलेल्या तीन प्रकारांपैकी दुसरा प्रकार इतर दोहोंना मागे सारीत असे. हा दुसऱ्या प्रकारचा नैसर्गिक विषाणू तर १९९९ मध्ये अलीगढ येथे शेवटचा आढळून नंतर जगातूनच नाहीसा झाला होता.

यावरून धोरणात बदल झाला. २००५ पासून केवळ एकाच प्रकाराविरुद्धची, अधिक प्रभावी एकगुणी लस वापरात आली होती. मात्र पहिल्या प्रकारावर भर दिल्यामुळे तिसऱ्या प्रकाराने डोके वर काढले आणि २००७ च्या ८७४ रुग्णांत त्याचेच प्रमाण अधिक राहिले. अखेरीस पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारांवर एकाच वेळी काम करणारी द्विगुणी लस चाचणीत सरस ठरून जानेवारी २०१० पासून मोहिमेत दाखल झाली. मातापित्यांच्या मनातील शंका आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष हे एकाच दिशेला बोट दाखवीत होते. लोकांचा आक्षेप ‘गैरसमज’ या शीर्षकाखाली दप्तरबंद न करता त्यातील तथ्य तपासून पाहणे, हेही आरोग्यसंवादकाचे कर्तव्य होय.

उपेक्षेला सेवेचे उत्तर

तिसऱ्या कारणाचे, म्हणजे उपेक्षेचे, निवारण शब्दांनी होण्यासारखे नव्हते. उत्तर प्रदेशातील ६६ आणि बिहारमधील ४१ अशा १०७ विकासगटांत विषाणूचे ठाण सर्वांत चिवट होते. तेथे पोलिओच्या थेंबांबरोबरच हात धुण्याची सवय, स्तनपान, अतिसारावरील उपचार, स्वच्छता आणि नियमित लसीकरण यांची सांगड घालणारी योजना हाती घेण्यात आली. ‘फक्त थेंब’ या तक्रारीला हे प्रत्यक्ष उत्तर होते. बिहारमधील कोसी नदीच्या पूरप्रवण भागात पथकांना पायी व होडीने दुर्गम वस्त्या गाठाव्या लागत. तेथे मुक्कामाची ठाणी उभारण्यात आली.

स्थलांतर आणि महाराष्ट्र

पोटासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून वेगळा होता. वीटभट्ट्या, बांधकामांची ठिकाणे, भटक्यांचे तांडे यांची नोंद कोणत्याच गावाच्या यादीत नसते. अशा वस्त्यांच्या स्वतंत्र याद्या तयार करण्यात आल्या आणि रेल्वे स्थानके, बस स्थानके व चालत्या गाड्यांतूनही मुलांना थेंब पाजले जाऊ लागले.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी निकटचा संबंध होता. उत्तरेकडील विषाणू स्थलांतराच्या वाटेने राज्यात येण्याचा धोका सतत असे. मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने २००१ पासून नियमितपणे तपासले जात आहेत. परळ येथील आंत्रविषाणू संशोधन केंद्राने या कामी केलेली तपासणी देशाला मार्गदर्शक ठरली, कारण एकही मूल पंगू झालेले नसताना विषाणूचा वावर सांडपाण्यावरून कळू शकतो. पोलिओ लसीच्या पुरवठ्यात मुंबईच्याच हाफकिन संस्थेचा वाटा राहिला आहे. २०१० साली देशात आढळलेल्या ४२ रुग्णांपैकी ५ महाराष्ट्रातील होते.

पाठपुराव्याचे अदृश्य काम

लोकांची मने वळविणे हा कामाचा अर्धा भाग होता. राज्यकर्ते व प्रशासन यांचे लक्ष टिकवून धरणे हा दुसरा. २००५ साली रुग्णांची संख्या ६६ पर्यंत उतरली तेव्हा काम संपत आल्याची भावना निर्माण होणे स्वाभाविक होते. पुढच्याच वर्षी ती ६७६ वर गेली आणि २००९ मध्ये ७४१ झाली. ‘एवढा खर्च कशासाठी? हे उद्दिष्ट साध्य होण्याजोगे आहे काय?’ असे प्रश्न जाणकारही विचारू लागले.

अशा वेळी पाठपुरावा करणाऱ्यांचे खरे शस्त्र भावनात्मक आवाहनापेक्षा विश्वसनीय माहिती हे ठरते. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्पाने ती पुरविली. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात वा पाय अचानक लुळा पडल्यास त्याची वर्दी मिळवावयाची, विष्ठेचे दोन नमुने शीतपेटीतून प्रयोगशाळेत पाठवावयाचे आणि आढळलेल्या विषाणूचे मूळ शोधावयाचे, अशी ही व्यवस्था होती. वर्दी देणाऱ्यांत सरकारी रुग्णालयांप्रमाणे खासगी डॉक्टर व गावठी उपचार करणारेही होते. या माहितीच्या बळावर कोणत्या जिल्ह्यात काय उणे आहे हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलापुढे नेमकेपणाने मांडता येई. जेथे जिल्हाधिकारी स्वतः लक्ष घालीत तेथे वाहने, मनुष्यबळ आणि इतर खात्यांचे साहाय्य यांची वाण पडत नसे.

फलश्रुती

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला पोलिओचे पंगुत्व आले. नैसर्गिक विषाणूमुळे झालेला तो देशातील अखेरचा रुग्ण ठरला. फेब्रुवारी २०१२ मध्ये पोलिओचे ठाण असलेल्या देशांच्या यादीतून भारताचे नाव वगळण्यात आले आणि २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. हे यश अधिक प्रभावी लस आणि अधिक व्यापक लोकसंपर्क या दोहोंचे होय. चांगली लस बंद दाराबाहेर निरुपयोगी असते, आणि उघडलेल्या दारी निकृष्ट लस घेऊन गेल्यास ते दार पुन्हा बंद होते.

अभ्यासकांसाठी काही निष्कर्ष

आरोग्यधोरण, पाठपुरावा आणि लोकसंवाद या क्षेत्रांत काम करणाऱ्यांना या इतिहासातून काही सूत्रे घेता येतील.

एक, निरोप तयार करण्यापूर्वी नकाराची कारणे वेगवेगळी करून नोंदवावीत. ‘लोक ऐकत नाहीत’ हा निष्कर्ष नव्हे. तो चौकशीचा आरंभ होय.

दोन, निरोप देणारी व्यक्ती निरोपाइतकीच विचारपूर्वक निवडावी. वस्तीत राहणारी स्त्री कार्यकर्ती परक्या तज्ज्ञापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. मात्र तिला योग्य प्रशिक्षण, अचूक माहिती आणि रास्त मोबदला मिळाला पाहिजे.

तीन, दडपणाने मिळविलेली संमती टिकत नाही. एका पिढीवर झालेल्या सक्तीची किंमत पुढच्या पिढीच्या आरोग्यसेवकाला मोजावी लागते.

चार, लोकसंवादासाठी लसीप्रमाणेच स्वतंत्र नियोजन, निधी व मोजमाप असावे. उरलेल्या पैशांतून छापलेली भित्तिपत्रके म्हणजे लोकसंवाद नव्हे.

पाच, लोकांचे आक्षेप धोरणकर्त्यांपर्यंत जसेच्या तसे पोहोचविण्याची वाट मोकळी असावी. मधल्या अधिकाऱ्याने ते सौम्य करून सांगितले तर चूक दुरुस्त होण्यास विलंब लागतो आणि तो विलंब एखाद्या मुलाच्या पायांवर बेततो.

पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या शेजारच्या देशांत नैसर्गिक विषाणूचा प्रसार अद्याप थांबलेला नाही. त्यामुळे भारतात पोलिओ लसीकरण चालूच ठेवणे आवश्यक आहे. ज्या पिढीने कुबड्या घेतलेली मुले पाहिलेली नाहीत, तिला या थेंबांचे महत्त्व पटवून देणे हे पूर्वीपेक्षा अवघड काम आहे. गोवर असो, क्षय असो वा उद्या येणारा एखादा नवा साथीचा रोग असो, हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहणार आहे. त्या वेळी लस किती लवकर तयार होते याबरोबरच, ती घेऊन दारी आलेल्या माणसावर घरातील आई विश्वास ठेवते की नाही, यावर साथीचा शेवट अवलंबून राहील. हा विश्वास साथ आल्यावर घाईघाईने निर्माण करता येत नाही. साथ नसलेल्या काळात, नित्याच्या आरोग्यसेवेतून आणि प्रामाणिक संवादातून तो साठवावा लागतो.